कवेतली बोटं सुटली तेव्हा: अलेक्झांडर कारेलिनच्या शेवटच्या कुस्तीचा अभ्यास

२७ सप्टेंबर २०००. सिडनीच्या डार्लिंग हार्बरवरचं प्रदर्शन केंद्र. ऑलिम्पिकच्या ग्रीको-रोमन कुस्तीत १३० किलो गटाची फायनल चालू आहे. पहिल्या फेरीत कुणालाच गुण मिळालेला नाही, म्हणून नियमाप्रमाणे रेफ्रीने दोघांना छातीला छाती लावून, एकमेकांना कवेत घेऊन उभं केलंय. दोघांचे हात समोरच्याच्या पाठीमागे गुंफलेले आहेत. एक सायबेरियातला अलेक्झांडर कारेलिन, वय ३३, तीन ऑलिम्पिक सुवर्णपदकांचा आणि नऊ जागतिक अजिंक्यपदांचा मानकरी. दुसरा अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातल्या दूधवाल्या शेतकऱ्याचा मुलगा, रुलॉन गार्डनर. त्याच्या नावावर जागतिक स्पर्धेचं एकही पदक नाही.

झटापट चालू असताना कारेलिनची गुंफलेली बोटं क्षणभर सुटतात. पडणं नाही, आपटणं नाही, साधा तोलही जात नाही. पंच चित्रफीत पुन्हा पाहतात आणि फलकावर गार्डनरच्या नावापुढे एक गुण चढतो.

तेवढ्यावर कुस्ती गेली. तेरा वर्षांत न हरलेला माणूस ०-१ ने हरला.

या निकालाला सहसा ‘चमत्कार’ म्हटलं जातं आणि विषय संपवला जातो. मला तो शब्द पटत नाही. त्याने दोघांवरही अन्याय होतो: गार्डनरची तयारी नशिबाच्या खात्यावर जमा होते आणि कारेलिनची कारकीर्द एका अपघातात संपल्यासारखी वाटते. मी ही कुस्ती कितीतरी वेळा पाहिली आहे. दर वेळी मला त्यात बारा वर्षांपूर्वीची दुसरी एक फायनल दिसते. तिथेही हाच माणूस गुणांवर मागे होता आणि घड्याळ संपत आलं होतं. त्या दोन प्रसंगांच्या मधे काय बदललं, हे या प्रकरणात शोधायचं आहे.

कमरेच्या वरची कुस्ती

मातीतली कुस्ती पाहत वाढलेल्या मराठी माणसाला ग्रीको-रोमन आधी अपुरी वाटते. पट काढायचा नाही, टांग मारायची नाही, एकलंगी नाही. कमरेखाली हात लावायचा नाही आणि डावासाठी पायाचा उपयोगही करायचा नाही. आपल्याकडे अर्धी कुस्ती पायांवर चालते. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक जिंकलं ते फ्रीस्टाईलमध्ये, आणि भारताची ऑलिम्पिकमधली कुस्तीची सगळी पदकं आजवर फ्रीस्टाईलचीच आहेत. त्यामुळे या प्रकाराकडे आपलं लक्ष कमीच गेलं.

नाव ग्रीक-रोमन असलं तरी ही शैली प्राचीन नाही. ती १९व्या शतकात फ्रान्समध्ये घडली, युरोपभर पसरली आणि १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिम्पिकपासून खेळली गेली. पाय वर्ज्य असल्यामुळे सगळा खेळ कव, मान, बगल आणि कंबर यांच्यावर येतो. समोरच्याला उचलायचं तर त्याच्या पूर्ण वजनाला हात घालावा लागतो. हलक्या गटांत त्यामुळे फेकी बघायला मिळतात. सर्वांत जड गटात मात्र बहुतेक कुस्त्या ढकलाढकलीत जायच्या. दोन बलदंड माणसं कपाळाला कपाळ लावून मॅटच्या कडेपर्यंत रेटारेटी करायची आणि एखाद्या गुणावर निकाल लागायचा.

आणखी एक नियम इथे समजून घ्यायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. एखादा पैलवान नुसता बचाव करत राहिला तर रेफ्री त्याला ‘पॅसिव्ह’ ठरवतो. मग त्याला मॅटवर खाली घेतलं जातं आणि प्रतिस्पर्ध्याला वरून कब्जा मिळतो. या खालच्या स्थितीला पार्तेर म्हणतात. खालचा पैलवान पोट मॅटला चिकटवून, हातपाय पसरून पडून राहतो. वरच्याने त्याला पलटवलं तर गुण मिळतात. नाही जमलं तर थोड्या वेळाने दोघांना पुन्हा उभं करतात.

जड गटात पार्तेर म्हणजे विश्रांतीच होती. १३० किलोचा माणूस जमिनीला चिकटला की त्याला कोण उचलणार?

नोवोसिबिर्स्कचा मुलगा

कारेलिनचा जन्म १९ सप्टेंबर १९६७ चा, सायबेरियातल्या नोवोसिबिर्स्क शहरातला. वडील ट्रक चालवायचे आणि हौसेने बॉक्सिंग करायचे. जन्मतःच तो नेहमीच्या बाळांपेक्षा बराच वजनदार होता, अशी कथा त्याच्याविषयीच्या प्रत्येक लेखात येते. तेराव्या वर्षी तो व्हिक्टर कुझनेत्सोव या वस्तादाच्या हाताखाली गेला आणि शेवटच्या कुस्तीपर्यंत त्याच्याकडेच राहिला. सोव्हिएत पद्धतीत चमकलेला मुलगा साधारणपणे मॉस्कोच्या मोठ्या क्लबात खेचला जायचा. कारेलिन सायबेरियातच राहिला. एक वस्ताद आणि एक तालीम, असं कोल्हापुरातल्या जुन्या पैलवानाला शोभेल असं नातं त्याने दोन दशकं निभावलं. मला त्याच्या पदकांइतकंच याचं मोल वाटतं.

पंधराव्या वर्षी सरावात त्याचा पाय मोडला. आईने कुस्तीचा पोशाख जाळून टाकला आणि पुन्हा मॅटवर जायचं नाही असं बजावलं, असं सांगतात. तो परत गेलाच.

त्याच्या मेहनतीच्या गोष्टी खूप ऐकू येतात: मांडीपर्यंतच्या बर्फातून धावणं, खांद्यावर ओंडका घेऊन जंगल तुडवणं, तलावात तासन्‌तास वल्ही मारणं. नवा फ्रिज एकट्याने कवेत धरून आठव्या मजल्यापर्यंत जिना चढल्याची गोष्ट तर दंतकथाच झाली आहे. यातल्या बर्फाकडे आणि वल्ह्यांकडे मी गंभीरपणे पाहतो. खोल बर्फातून पाय उपसत धावलं की मांड्या आणि कंबर घडते, वल्ही मारून पाठ आणि पकड घडते. त्याच्या हुकमी डावाला नेमकं हेच लागायचं.

उलटी कव

हा डाव नीट समजल्याशिवाय सिडनी समजत नाही.

खालचा पैलवान पालथा पडलेला आहे. कारेलिन त्याच्या बाजूला येतो, त्याच्या पायांकडे तोंड करतो आणि कमरेभोवती उलटी कव घालतो. हात पोटाखाली गुंफतो. मग गुडघे वाकवून, कंबर खाली नेऊन, त्या पसरलेल्या देहाला मॅटपासून सोडवतो. हे सोडवणं सर्वांत अवघड असतं, कारण खालचा माणूस जीव खाऊन जमिनीला चिकटलेला असतो. एकदा तो सुटला की कारेलिन त्याला छातीपर्यंत उचलायचा, मागे कमान टाकायचा आणि डोक्यावरून मागे फेकायचा. खालच्याचे पाय आधी हवेत जायचे आणि मग खांदे-मान मॅटवर आपटायची. अशा उंच फेकीला पाच गुण मिळायचे.

हलक्या गटांतले मल्ल ही फेक करायचे. पण सव्वाशे-एकशेतीस किलोच्या प्रतिकार करणाऱ्या माणसाला जमिनीवरून असं उपसून फेकणं त्याआधी कुणी नेमाने करून दाखवलं नव्हतं. १.९१ मीटर उंचीच्या कारेलिनला ते जमलं, कारण त्या वजनाच्या माणसांत सहसा न दिसणारी लवचीक पाठ त्याच्याकडे होती. ताकद इतरांकडेही होती.

आता हा डाव मघाच्या नियमाशी जोडून पाहा. कारेलिन उभ्याने पुढे रेटत राहायचा. समोरचा मागे सरायचा आणि पॅसिव्ह ठरायचा. रेफ्री त्याला पार्तेरमध्ये घ्यायचा आणि तिथे उलटी कव त्याची वाट पाहत असायची. ज्या स्थितीत जड पैलवान दम घ्यायचे, तीच सर्वांत भीतीची झाली. काही जण तर फेकलं जाण्यापेक्षा आपणहून पाठ टेकून कुस्ती संपवायचे, असं त्या काळच्या वर्णनांत वाचायला मिळतं. चीत होणं ही आपल्याकडे मल्लाची सर्वांत मोठी नामुष्की. ती पत्करावी वाटेल इतकी ती फेक जिव्हारी लागत असेल, तर तिचा धाक किती असेल याचा अंदाज येतो.

पहिला पराभव आणि सेऊल

कारेलिनच्या नावापुढे नेहमी दिला जाणारा आकडा आहे ८८७ विजय आणि २ पराभव. दोन्ही पराभव ०-१ चे.

पहिला १९८७ सालचा. सोव्हिएत अजिंक्यपद स्पर्धेत इगोर रोस्तोरोत्स्कीने त्याला हरवलं. रोस्तोरोत्स्की १९८५ चा जगज्जेता होता आणि १९८७ मध्येही जगज्जेता झाला. सोव्हिएत संघातून एका वजनात एकच मल्ल जगात पाठवता यायचा. त्यामुळे देशातली निवड जिंकणं हे कित्येकदा जागतिक सुवर्णपदकापेक्षा कठीण असायचं. एकोणीस-वीस वर्षांच्या कारेलिनला एका गुणाने हार पत्करावी लागली. पुढच्या वर्षी, तापाने फणफणलेला असतानाही, त्याने रोस्तोरोत्स्कीला हरवलं आणि ऑलिम्पिक संघातली जागा मिळवली.

सेऊलच्या उद्‌घाटन सोहळ्यात, १७ सप्टेंबर १९८८ ला, सोव्हिएत संघाचा झेंडा या पोराच्या हातात होता. एकविसावा वाढदिवस दोन दिवसांवर आला होता. फायनल बल्गेरियाच्या रांगेल गेरोव्स्कीशी. कारेलिन गुणांवर मागे पडला. शेवटचे काही सेकंद उरले असताना त्याने उलटी कव घातली, गेरोव्स्कीला मॅटवरून उपसलं आणि फेकलं. निकाल ५-३.

हा प्रसंग लक्षात ठेवावा. मागे असताना, वेळ संपत असताना, समोरच्याला नेमकं काय येणार हे ठाऊक असतानाही डाव लागला. डाव गुप्त ठेवून कुस्ती जिंकता येते तशी उघड सांगूनही जिंकता येते. अट एवढीच की तो थांबवणं समोरच्याच्या आवाक्याबाहेरचं असलं पाहिजे.

बारा वर्षं

पुढचं झपाट्याने सांगता येतं, कारण त्यात चढउतार फार नाहीत. १९८९ ते १९९९ या काळात नऊ जागतिक अजिंक्यपदं आणि १९८७ पासून धरून बारा युरोपीय अजिंक्यपदं. १९९२ ला बार्सिलोनात स्वीडनच्या तोमास योहान्सनला दीड मिनिटात चीत करून दुसरं ऑलिम्पिक सुवर्ण. मधल्या काळात देश फुटला. त्याने तीन ऑलिम्पिकच्या संचलनात तीन वेगवेगळे झेंडे धरले: १९८८ ला सोव्हिएत संघाचा, १९९२ ला संयुक्त संघासाठी ऑलिम्पिकचा आणि १९९६ ला रशियाचा. ज्या व्यवस्थेने त्याला घडवलं ती कोसळली, पगार आणि शिबिरं कोसळली, पण त्याचे निकाल बदलले नाहीत.

दोन दुखापतींवर मात्र थांबायला हवं. १९९३ च्या स्टॉकहोम जागतिक स्पर्धेत अमेरिकेच्या मॅट गफारीशी लढताना त्याच्या बरगड्या मोडल्या. तशाच अवस्थेत तो पुढच्या कुस्त्या लढला आणि सुवर्ण घेऊन गेला. ज्या माणसाचा सगळा डाव छाती आणि पाठीच्या कमानीवर उभा आहे, त्याने मोडक्या बरगड्यांनी माणसं उचलली.

दुसरी दुखापत जास्त गंभीर होती. १९९६ च्या वसंतात बुडापेस्टच्या युरोपीय स्पर्धेत त्याच्या छातीचा स्नायू फाटला. तिथेच शस्त्रक्रिया झाली. अटलांटा ऑलिम्पिकला काही महिनेच उरले होते. तो गेला, फायनलला पुन्हा गफारीसमोर उभा राहिला आणि १-० ने जिंकला. गफारी त्याच्याकडून वीसहून अधिक वेळा हरला होता. रौप्यपदक गळ्यात घेऊन तो रडला.

त्या १-० कडे तेव्हा कुणी फारसं लक्ष दिलं नाही. तिसरं सुवर्ण मिळालं, इतिहास झाला, सगळे त्या आनंदात होते. पण अभ्यासक म्हणून पाहिलं तर अटलांटाची फायनल ही सूचना होती. कारेलिन फेक न करताही जिंकू शकतो हे तिथे दिसलं. त्याच कुस्तीत हेही दिसलं की त्याला फेक करू दिली नाही तर कुस्ती एका गुणाच्या अंतरावर येते, आणि एका गुणाचं अंतर कुठल्याही बाजूला झुकू शकतं.

१९९७ मध्ये त्याला ‘रशियन फेडरेशनचा वीर’ हा देशाचा सर्वोच्च किताब मिळाला. डिसेंबर १९९९ मध्ये तो रशियाच्या संसदेत, ड्युमामध्ये निवडून आला. म्हणजे सिडनीत मॅटवर उतरला तो विद्यमान खासदार होता. वय ३३, तेरा वर्षं अपराजित, आणि गेल्या सहा वर्षांत त्याच्याविरुद्ध कुणी एक गुणही मिळवला नव्हता, असं तेव्हा सगळीकडे छापून येत होतं.

गार्डनरने काय पाहिलं होतं

रुलॉन गार्डनर १९७१ चा. वायोमिंगमधल्या ॲफ्टन गावात आईवडिलांचा दुग्धव्यवसाय होता, नऊ भावंडांत तो शेवटचा. गवताचे गठ्ठे आणि वासरं उचलत वाढलेला हा मुलगा शाळेत वाचनात मागे होता. तरीही नेब्रास्का विद्यापीठातून पदवी घेऊनच बाहेर पडला. अंगकाठी गोल, पोट सुटलेलं. कारेलिनच्या शेजारी उभा राहिला की पैलवान कोण आणि शेतकरी कोण हे अनोळखी माणसानेही ओळखावं.

पण त्याच्याकडे एक गोष्ट होती: १९९७ चा अनुभव. त्या वर्षी पोलंडमधल्या व्रोत्सवाफच्या जागतिक स्पर्धेत कारेलिनने त्याला ५-० ने हरवलं होतं. उलटी कव कशी बसते, ती सुटेनाशी नेमकी कुठल्या क्षणी होते, मान कशी आपटते, हे सगळं त्याच्या शरीराला ठाऊक होतं.

त्यामुळे सिडनीतला त्याचा बेत मला समजतो, आणि मॅटवर तो स्पष्ट दिसतोही. त्याला कारेलिनला फेकायचं नव्हतं. त्याला त्या साखळीची एक एक कडी तोडायची होती. उभ्याने मागे सरायचं नाही, म्हणजे पॅसिव्ह ठरणं टळेल. छाती छातीला लावून, हातांशी सतत झगडत कारेलिनला आपली कव जुळवू द्यायची नाही. आणि पार्तेरमध्ये जावंच लागलं तर कंबर मॅटवरून सुटण्याआधीच हलायचं, कारण ती एकदा सुटली की पुढे काही उरत नाही. पहिल्या फेरीत कारेलिनला पार्तेरमध्ये वरून कब्जा मिळाला. त्याने कव घातली, ताण दिला. गार्डनर मॅटवरून सुटला नाही.

माझ्या मते निकालाचा खरा क्षण हाच होता. बोटं सुटण्याआधीचा. एवढ्या मोठ्या फायनलमध्ये कारेलिनने आपला हुकमी डाव पूर्ण ताकदीने मागितला आणि तो मिळाला नाही.

नियम, आणि ते तीस सेकंद

रटाळ ढकलाढकल कमी व्हावी म्हणून तेव्हा एक नवा नियम होता. पहिली तीन मिनिटं बिनगुण गेली तर दुसरी फेरी दोघांना सक्तीने कवेत उभं करूनच सुरू करायची. या कवेतून डाव लावायचा. ज्याची हातांची गुंफण आधी सुटेल त्याच्याविरुद्ध एक गुण.

हा नियम चांगला होता असं मला वाटत नाही. कवेतून फेक काढायची तर कधीतरी पकड बदलावी लागते, हात वर-खाली सरकवावे लागतात. म्हणजे जो डाव मागतो त्याचीच बोटं सुटण्याचा धोका जास्त. जो नुसता धरून उभा राहील तो सुरक्षित. खेळात हालचाल यावी म्हणून केलेला नियम हालचाल करणाऱ्यालाच अडवत होता. कारेलिन डावाच्या शोधात पकड जुळवत होता, आणि दुसरी फेरी सुरू होऊन सुमारे अर्ध्या मिनिटात त्याची गुंफण सुटली.

तरीही ‘नियमाने हरवलं’ हे म्हणणं मी मान्य करणार नाही. त्याची कारणं घड्याळात आहेत. गुण गेला तेव्हा दुसऱ्या फेरीची दोन-अडीच मिनिटं बाकी होती. शिवाय विजेत्याकडे किमान तीन गुण नसतील तर आणखी तीन मिनिटांची जादा फेरी होणारच होती, आणि ती झाली. म्हणजे बोटं सुटल्यानंतर कारेलिनकडे पाच मिनिटांहून जास्त वेळ होता. ८८७ कुस्त्यांत त्याने याहून कितीतरी कमी वेळात माणसं आपटली होती. या पाच मिनिटांत त्याला एकही गुण मिळाला नाही.

का नाही मिळाला?

वय हे एक कारण, पण ते सोपं कारण आहे. पाठीची कमान तिशीनंतर मंदावते, छातीचा फाटलेला स्नायू जोडला तरी पूर्वीसारखा राहत नाही. हे खरंच आहे. त्याहून खोल कारण मला त्याच्या यशातच दिसतं. बारा वर्षं समोरचे मल्ल मागे सरत आले होते. त्याची सगळी यंत्रणा त्या मागे सरण्यावर चालायची. भीती हा त्याच्या डावाचा पहिला भाग होता, कव दुसरा. गार्डनर मागे सरला नाही, तेव्हा पहिला भागच निकामी झाला, आणि पिछाडीवरून पाठलाग करण्याची वेळ त्याच्यावर इतक्या वर्षांत क्वचितच आली होती. सेऊलचा एकवीस वर्षांचा मुलगा पाठलागात तरबेज होता. नुकताच रोस्तोरोत्स्कीकडून एका गुणाने हरून, झगडून वर आला होता. सिडनीच्या माणसाला तो सराव कोण देणार? तालमीत त्याला मागे टाकणारा जोडच उरला नव्हता.

आपल्याकडचे जुने वस्ताद पठ्ठ्याला त्याच्याहून वरचढ मल्लाशी लढत घ्यायला लावतात, ते यासाठीच. कुझनेत्सोवला हे कळत नसेल असं नाही. पण १३० किलोत कारेलिनहून वरचढ मल्ल तो आणणार कुठून?

शेवटची मिनिटं पाहताना कारेलिनची थकलेली छाती दिसते. तो पुढे येतो, रेटतो, मान धरतो. गार्डनरही थकलाय, पण त्याला फक्त उभं राहायचंय. कव बसत नाही. आणि मग, अगदी मोजके सेकंद उरलेले असताना, कारेलिन थांबतो. हात खाली सोडतो. वेळ संपण्याआधीच त्याने हार मानलेली असते.

या कृतीवर पुष्कळ बोललं गेलंय. काहींना तो अहंकार वाटला, काहींना थकवा. मला तो हिशेब वाटतो. उलट्या कवेला लागणारा वेळ त्याच्याइतका कुणालाच माहीत नव्हता. तेवढा वेळ उरला नाही हे त्याला घड्याळाआधी कळलं, आणि नसलेला डाव दाखवण्यासाठी धडपड करायची नाही असं त्याने ठरवलं.

नंतर

आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे अध्यक्ष हुआन अंतोनियो समारांच त्या दिवशी सभागृहात होते. कारेलिनच्या गळ्यात चौथं सुवर्ण घालण्यासाठी ते आले आहेत, असंच सगळे धरून चालले होते. सुवर्ण गार्डनरला मिळालं, कांस्य बेलारूसच्या दिमित्री देबेल्काला. गार्डनरने मॅटवर कोलांटी घेतली. त्या अवजड देहाची ती कोलांटी पाहताना आजही मन भरून येतं.

तो एका दिवसाचा विजेता नव्हता हे त्याने पुढच्याच वर्षी सिद्ध केलं. २००१ मध्ये ग्रीसमधल्या पात्रास इथे तो जगज्जेता झाला. ‘चमत्कार’ म्हणणाऱ्यांनी हे सुवर्ण विसरू नये. २००२ च्या हिवाळ्यात तो बर्फात अडकला, हिमदंशाने पायाचं एक बोट गमावलं आणि तरीही २००४ ला अथेन्समध्ये कांस्य जिंकलं. तिथेच मॅटच्या मध्यभागी बूट काढून ठेवून त्याने निवृत्ती जाहीर केली.

या गटातला ऑलिम्पिकचा विक्रम आता क्युबाच्या मिहाईन लोपेसकडे आहे. २००८ ते २०२४ अशी सलग पाच सुवर्णपदकं. आकड्यांच्या वादात कारेलिन आता दुसरा आहे, आणि ते मान्य करायला हवं. पण जड गटात माणूस जमिनीवरून उपसून फेकता येतो हे जगाला दाखवणारा तोच. विसाव्या शतकातला सर्वश्रेष्ठ ग्रीको-रोमन मल्ल म्हणून जागतिक कुस्ती महासंघाने त्यालाच निवडलं.

निवृत्तीनंतरचं त्याचं आयुष्य राजकारणात गेलं. ड्युमामध्ये अनेक वर्षं, नंतर वरिष्ठ सभागृहात. २०२२ मध्ये युक्रेनवरच्या आक्रमणानंतर पाश्चात्त्य देशांनी ज्या रशियन लोकप्रतिनिधींवर निर्बंध घातले, त्यांत तोही आहे. त्याच्या कुस्तीवर जीव असलेल्या माणसालाही हे डोळ्याआड करता येत नाही, आणि मी करत नाही.

सिडनीनंतर तो पुन्हा ऑलिम्पिक वा जागतिक मॅटवर उतरला नाही. वाचनाचा नाद त्याला पहिल्यापासून होता: पुष्किन, दस्तयेव्हस्की, शिवाय ऑपेरा. कुस्ती चालू असतानाच त्याने क्रीडाशिक्षणात संशोधन सुरू केलं होतं. फायनल हरल्यानंतर दोन वर्षांनी, २००२ मध्ये, त्याने डॉक्टरेट मिळवली. प्रबंधाचा विषय होता उच्च दर्जाच्या मल्लांची तयारी कशी करून घ्यावी.